जोडीदाराच्या घरी

लेख मागताना संपादक फोनवर म्हणाले, "मॅडम, वर्गातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हसायला हवं असतं." गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. तपासणीला आलेल्या साहेबांच्या मांडीवर जाऊन बसलेली आणि "तुमी कोनाचे व्हय?" असं त्यांनाच विचारणारी पहिलीतली पोरगी आहे. बकरीचं पिल्लू शाळेत आणून त्याचीही हजेरी घ्या म्हणून रडणारा पोरगा आहे. पण लिहायला बसले की मन या सगळ्यांना ओलांडतं आणि चौथीच्या एकाच वर्गात जाऊन बसतं. तेव्हा तेच लिहिते. हसायचं राहून जाईल, त्याला इलाज नाही.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माहेर मूर्तिजापूरचं, वडील रेल्वेत खलाशी. घर आजोबांपासून बौद्ध. नोकरी जवळजवळ सगळी दर्यापूरच्या आसपासच्या खेड्यांत झाली. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन आणि विहिरीला खारं पाणी. लेकरं पाण्याची बाटली घरून आणतात. पुस्तक विसरतील, बाटली विसरणार नाहीत.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, एक सुविचार. शिवाय मूल्यशिक्षणाचा तास असतो. भिंतीवर मूल्यं रंगवलेली असतात. नीटनेटकेपणा शिकवणं सोपं. नखं बघितली की झालं. वक्तशीरपणा घंटेवर भागतो. समानतेपाशी आलं की बहुतेक मास्तर पोरांना तो शब्द पाच वेळा लिहायला सांगतात आणि आपण हजेरीपटात डोकं घालतात. 'जात' हा शब्द आमच्या भिंतीवर कुठंच नव्हता. गावात तो सगळ्यांना पाठ होता, भिंतीवर कशाला लिहायचा?

पण मूल तुमचं बोलणं फारसं ऐकत नाही. ते बघतं. झाडू कोणाच्या हातात दिला, साहेब आले की पाण्याचा तांब्या घेऊन कोणाला पाठवलं, मोरी कोणाला धुवायला सांगितली, हे ते बघतं. मूल्यशिक्षण काय व्हायचं ते तिथं होतं, तासाला नाही. हे मला नोकरीत बऱ्याच उशिरा उमजलं. उमजल्यावर मी एक सोपा नियम केला. वर्गातलं प्रत्येक काम आणि प्रत्येक जागा चिठ्ठी टाकून. कोण कोणाशेजारी बसणार, कोण झाडणार, झेंड्याची दोरी कोण धरणार, सगळं चिठ्ठीवर. पोरांना तो जुगार फार आवडायचा. मोठ्यांनाही तक्रारीला जागा नव्हती. चिठ्ठीला कोण बोलणार?

त्या वर्षी चिठ्ठीत गौरी आणि आम्रपाली एका पट्टीवर आल्या. गौरी गावंडे पाटलांची. गावातलं मोठं घर, तिचे वडील विजयराव शाळा समितीचे अध्यक्ष. आम्रपाली बौद्धपुऱ्यातली. तिची आई शशिकला गावंड्यांच्याच वावरात निंदायला, वेचायला जायची आणि वडील नांदगाव पेठच्या कापड गिरणीत होते, पंधरा दिवसांनी घरी यायचे. दोघी पोरी अशा जमल्या की विचारू नका. एकीला पाढा आला नाही की दुसरी ओठ हलवायची. एकीला ताप आला की दुसरीचं पोट दुखायचं. मी मुद्दाम पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या टाकायला विसरले.

मग मी उपक्रम दिला. मूल्यशिक्षणाचाच. रविवारी आपल्या जोडीदाराच्या घरी जायचं, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या लहानपणची एक गोष्ट विचारायची आणि ती वर्गात येऊन सांगायची. मुख्याध्यापक काळमेघ सरांना विचारलं. ते म्हणाले, "करा ना, ताई. चांगलं आहे." माणूस खरंच चांगला होता.

सोमवारी वर्ग नुसता उकळत होता. आम्रपालीच्या आजीनं गौरीला रेल्वेच्या रुळावर सापडलेल्या कासवाची गोष्ट सांगितली होती. वर बेसन-भाकर खाऊ घातली होती. गौरीनं ती भाकर किती मोठी होती ते हात पसरून दाखवलं. मग ती आपल्या घरचं सांगायला लागली.

"आजीनं सांगतलं का थे लहान होती तं वावरात लांडगा आला होता. मंग आईनं चहा केला. मले स्टीलच्या कपात देल्ला आन् आम्रपालीले कागदाच्या कपात. त्याच्यावर गुलाबाचे फुलं होते, म्याडम! मी म्हनलं, मलेबी थोच पाह्यजे. तं आजी म्हने, थो तुह्यासाठी नसते, त्याइच्यासाठी असते."

"कोनाइच्यासाठी?" मागून एका पोरानं विचारलं.

"माहीत नाई," गौरी म्हणाली.

"मले माहीत हाये," यश म्हणून एक पोरगा होता, तो उठून उभा राहिला. "निंदाले येते त्याइच्यासाठी. आमच्या घरीबी वेगळा गठ्ठा राह्यते."

"मंग निंदाले तं तुह्या घरी रामदासकाकाबी येते. त्याले तं स्टीलचा देते. मी पाह्यलं," मागचा पोरगा म्हणाला.

"हाव न बे!" यश चकित झाला. "मंग कोनाइच्यासाठी?"

मी मध्ये पडले नाही. तीस-एक वर्षांत मी वर्गाला असा विचार करताना पाहिलं नव्हतं. गणितातही नाही. रामदासकाका वजा केले, गौरीकडे पूजेला आलेले चष्मेवाले गुरुजी वजा केले, पाहुणे वजा केले. एकेक नाव घेत, वजा करत, ती नऊ-दहा वर्षांची लेकरं उत्तरापाशी पोचली. उत्तर कोणी मोठ्यानं म्हटलं नाही. सगळ्यांनी आम्रपालीकडे पाहिलं.

आम्रपाली हळूच म्हणाली, "मले वाटलं, पाहुन्याले नवा कप देते."

तिच्या दप्तरात तो कप होता. चहा पिऊन झाल्यावर तिनं तो विसळून घरी नेला होता आणि त्यात पेन्सिली ठेवल्या होत्या. तिनं तो बाहेर काढला, पेन्सिली एकेक करून दप्तरात टाकल्या आणि कप खिडकीत नेऊन ठेवला. रडली नाही. रडायला लागली ती गौरी.

मी वर्गाला सरळ सांगितलं. हे चूक आहे. हे जुनं आहे आणि तरीही चालू आहे. कायद्यानं गुन्हा आहे. आणि यात तुमच्यापैकी एकाचाही दोष नाही. गौरी हुंदके देत आम्रपालीला म्हणाली, "मी घरी आता कागदाच्याच कपात पिईन." त्या दिवशी बसमध्ये उभ्यानं घरी जाताना मला वाटलं, आपल्या नोकरीचं सार्थक झालं. इतका चांगला तास मी आधी घेतला नव्हता, नंतरही नाही.

गौरीनं शब्द पाळला. घरी स्टीलचा कप हातात घेईना. दूध नाही, चहा नाही, काहीच नाही. पहिल्यांदा घरचे हसले, मग रागावले, मग आईनं एक दिली. पोरगी हटेना. आठवडा गेला आणि विजयराव शाळेत आले.

ते काही आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. म्हणाले, "मॅडम, आमी जातपात पाळनारे लोक नाई. माह्या गाडीवर मागं कोनीबी बसते. तुमी स्वतः बसल्या हा, पावसात."

"हो, बसले आहे."

"पन म्हातारी माय हाये घरात. तिले आता काय बदलवान तुमी? काल घरी चार बाया बसल्या होत्या. त्याइच्यासमोर पोरीनं तिले इचारलं, 'आजी, आम्रपालीचं तोंड वाईट हाये काय?' सांगा आता."

"मग आजी काय म्हणाल्या?"

"काय म्हनन? रडाले लागली."

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या पोरीचा प्रश्न चुकीचा आहे का?"

त्यांनी टोपी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "प्रश्न बरोबर असन. पन थो तुमी इचाराले लावला. दुसऱ्या मॅडम असत्या तं गोष्ट येगळी होती. गाव म्हनून राह्यलं का तुमी शाळेत बसून तुमच्या लोकाइचं काम करता."

"गौरी माझ्या वर्गातली आहे. ती माझ्याच लोकांतली आहे."

ते हसले. वाईट हसले नाहीत. "थे बोलाले ठीक हाये, मॅडम."

त्यानंतर पालकांची सभा झाली. वरच्या कार्यालयातून एक साहेब आले. अख्ख्या सभेत 'जात' हा शब्द एकानंही उच्चारला नाही. अभ्यास कमी, नाटकं जास्त, असं बोलले. पोरं उलटी बोलायला लागली, असं बोलले. एक जण म्हणाला, लेकराइले घरात फूट पाडाले शिकवते. साहेबांनी मला विचारलं, "हा उपक्रम मंजूर यादीत आहे का?" मी काळमेघ सरांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. भिंतीवर मात्र मूल्यं छान रंगवली आहेत म्हणून साहेबांनी जाताना शाळेचं कौतुक केलं.

सभा संपल्यावर सर मला म्हणाले, "ताई, तुम्ही खरं तेच केलं. पण मला याच गावात राहायचं आहे." त्यांचं घर गावंड्यांच्या घराला लागून होतं.

या सगळ्याचा मला त्रास झाला, पण त्यानं मी खचले नव्हते. अशी बोलणी नोकरीत खाल्लेली होती. खचले ती दुसऱ्याच कोणामुळे तरी.

शशिकला, आम्रपालीची आई, एका संध्याकाळी बसथांब्यावर आली. कडेवर धाकटा, वर्षभराचा असेल. तिला बसायला सांगितलं तर बसली नाही.

"मॅडम, मले आठ दिवस झाले वावरात बलावलं नाई."

"कोणी नको म्हणालं?"

"कोनी काहीच म्हनत नाई. सकाळी बायाइले बलावाले येते तं माह्यं घर सोडून पुढं जाते." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "थे जाऊ द्या. दुसरीकडं पाहीन. पन पोरगी... मॅडम, मले काय मालूम नाई काय, थो कप कायचा व्हय? मी वीस वर्षाची होती तवापासून त्याइच्या अंगनात चहा पिऊन राह्यली. मी पोरीले सांगतलं नव्हतं. म्हनलं, कळन थे कळन, जितके दिवस नाई कळत तितके दिवस खेळू द्या. कप घेऊन आली तं केवढी खुश होती! उशाशी घेऊन झोपली. आन् तुमी तिले सगळ्या पोराइसमोर..."

"मी नाही सांगितलं, शशिकला. पोरांनीच शोधून काढलं."

"पन शोधाले तं तुमीच बसवलं न त्याइले?"

मी म्हटलं, "उद्या-परवा तिला कळलंच असतं."

"हाव. पन उद्या कळलं असतं. तुमी आमच्यातल्याच हा, मॅडम. तुमाले नाई समजलं काय?"

बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती मुलाला घेऊन सडकेनं बौद्धपुऱ्याकडे चालली होती.

मी उपक्रम बंद केला नसता. पण बंद करायची गरजच पडली नाही. पुढच्या जूनमध्ये दर्यापूरच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली. गौरी पहिल्या दिवशी त्यात बसली. मग यश. मग एकेक करत त्या बाजूची सगळी घरं. काही जणांनी मला येऊन सांगितलं सुद्धा, "मॅडम, तुमच्यामुळं नाई हो. इंग्रजी पाह्यजे न आता." खरंही असेल. आसपासच्या गावांतही गाड्या येतच होत्या; कुठं असला उपक्रम झाला नव्हता तिथंही. पण आमच्या गावात ती गाडी यायला एक निमित्त लागत होतं, ते मी दिलं.

गाडी आमच्या परिपाठाच्या वेळीच शाळेसमोरून जायची. पोरं उद्देशिका म्हणत असायची. 'दर्जाची व संधीची समानता' या ओळीपाशी भोंगा वाजायचा आणि सगळ्या माना तिकडं वळायच्या. पहिले काही दिवस गौरी काचेतून हात हलवायची. आम्रपालीही पाचवीच्या रांगेतून हलवायची. मग गौरी गाडीत पलीकडच्या बाजूला बसायला लागली. तिला सांगितलं असेल कोणी, किंवा तिकडं सावली असेल. मी विचारायला गेले नाही.

आमच्या शाळेत एकाच वस्तीची लेकरं उरली. मी तरी नव्या वर्षी हट्टानं चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घालताना तिसरीतल्या एका पोरानं मला विचारलं, "म्याडम, हे काहून करता? आमी तं सगळे एकाच गल्लीतले हावो. घरीबी संगंच बसतो."

त्याला काय सांगणार? समतेचा धडा देणारी शिक्षिका होते, आणि ज्यांना तो द्यायचा ते गाडीतून पुढं गेले होते. ज्यांच्याबद्दल तो होता तेवढेच समोर बसले होते. त्यांना तो शिकवायचा म्हणजे उपाशी माणसाला वाटून खा म्हणून सांगायचं. मी तो डबा कपाटावर ठेवला आणि शुद्धलेखन घेतलं. पट कमी होत गेला. मी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी ती शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवून टाकली.

आता मी अमरावतीला लेकाकडे असते. मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या नातवाला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला घालायचं म्हणून तिच्यासोबत अकोल्याला गेले होते. क्लासच्या खाली उसाच्या रसाच्या गाडीवर पोरींचा घोळका उभा होता. त्यातली एक धावत आली आणि भर रस्त्यात वाकून माझ्या पाया पडली.

"मॅडम! मी गौरी. ओळखलं नाही ना?"

चष्मा लागलेला, केस कापलेले. बोलणं पार बदललेलं, पण हसणं तेच. मला खरोखर आनंद झाला. तिनं मैत्रिणींना ओळख करून दिली, "या माझ्या चौथीच्या मॅडम. बेस्ट टीचर." मला रस पाजला. परीक्षेचा दुसरा प्रयत्न होता. घरचं विचारलं, आजी गेल्या.

मग म्हणाली, "मॅडम, मी काय नाटकं करायची ना लहानपणी! कागदाच्याच कपात दूध पिणार म्हणून अडून बसले होते. बाबा अजून सगळ्या पाहुण्यांना सांगतात. आम्ही इतके हसतो!"

मीही हसले. दुसरं काय करणार?

"आम्रपाली भेटते का गं?"

"हो, म्हणजे दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी घरी होते तेव्हा ती आली होती आमच्याकडे. तिच्या आईसोबत, कापूस वेचायला."

"बोललीस?"

"नाही..." तिनं चष्मा वर सरकवला. "मी गाडीत होते, मॅडम. आणि ती कामात होती."

तिच्या बोलण्यात तिरस्काराचा कण नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं. तिनं पुन्हा पाया पडून निरोप घेतला आणि जिना चढून वर्गात गेली. लाघवी, सालस मुलगी. तिनं त्या आठवड्यात जे केलं होतं ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं, आणि घरच्यांनी त्याचा विनोद करून तिच्याकडून ते काढून घेतलं होतं. तिला पत्ताही नव्हता.

आम्रपाली आता नांदगाव पेठला शिलाईच्या कारखान्यात आहे. बारावी झाली, वडिलांचं गुडघ्याचं दुखणं निघालं, पुढचं राहिलं. माझा पत्ता मिळवून ती एका सुट्टीच्या दिवशी घरी आली. स्वतःहून आली याचंच मला अप्रूप. पोहे केले. ती खाली बसत होती, मी हाताला धरून सोफ्यावर बसवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्या तासाबद्दल ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही.

कामाचं होतं तिचं. धाकटा भाऊ पाचवीत जाणार होता, तोच, शशिकलाच्या कडेवर असलेला. गावात शाळा उरली नाही. दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक दर्यापूरची इंग्रजी शाळा, तीच पिवळ्या गाडीवाली. दुसरी इथं अमरावतीत, वसतिगृह असलेली. तिथं तिच्या ओळखीचे एक तरुण सर होते.

"थे सर तुमच्यासारखेच हाये, मॅडम," ती म्हणाली. "पोराइले काहीबाही उपक्रम देते. सगळ्याइले एकत्र बसवते, घरी पाठवते, प्रश्न इचाराले लावते. मले तं थेच बरं वाटते. तुमी म्हनान तिथं टाकतो."

मी तिला विचारलं, "इंग्रजी शाळेत गणित कसं आहे?"

"चांगलं हाये म्हनते."

"मग तिथं टाक."

"आन् थे बाकीचं?"

"बाकीचं नको," मी म्हटलं. "त्याला गणित येऊ दे, इंग्रजी येऊ दे."

माझं बोलणं माझ्याच कानाला परकं वाटत होतं. जन्मभर ज्याच्यासाठी भांडले त्याच्याविरुद्ध मी एका मिनिटात निकाल दिला होता. मला मनातून वाटत होतं, ही पोरगी आता उसळेल. म्हणेल, मॅडम, तुम्हीच असं बोलता? म्हणेल, कळलं ते बरंच झालं, मी नाही का टिकले? तिनं असं काही म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं शब्द मागं घेतले असते.

आम्रपालीनं प्लेट उचलून मोरीत नेऊन धुतली. मी नको नको म्हणेपर्यंत पुसून ठेवलीसुद्धा.

"बरं," ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.